जानी का हरते

३ जुलै, बुधवार

वाडीच्या शाळेत बदली होऊन अठरा दिवस झाले. सुरुवातीला पेणहून ये-जा करून पाहिली, पण महामार्गाच्या कामामुळे खांब गावाला पोचेपर्यंत परिपाठ संपलेला असायचा. शेवटी रोह्याजवळ अष्टमी गावात खोली घेतली. संध्याकाळी बोलायला कुणी नाही, म्हणून ही वही.

शाळा खांबपासून आत, पहिली ते पाचवी. मुलं एकतीस, शिक्षक दोन, मुख्याध्यापक महिपती सर आणि मी. काल चौथी-पाचवीची गणिताची चाचणी घेतली, वीस गुणांची. शाब्दिक उदाहरणं मुलं वाचतच नाहीत, आकडे दिसले की बेरीज करून मोकळी. बसमध्ये तीस माणसं होती, बारा उतरली, किती राहिली? चौघांचं उत्तर बेचाळीस. आदिवासीवाडीवरच्या जानीला वीसपैकी तीन. तिला चौथीत येऊनही वाचता येत नाही आणि ती बोलतही नाही. हजेरीला नुसता हात वर करते.

आज कपाट आवरताना एक खोकं सापडलं. कुठल्याशा कंपनीनं भेट दिलेले बुद्धिबळाचे सहा संच, प्लास्टिकसुद्धा न काढलेले. सर म्हणाले, नोंद झालेली आहे, राहू दे आत. मी एक संच पिशवीत घालून आणला. मला स्वतःला घोडा कसा चालतो ते येत नाही. पण पाचवी-सहावीत भाविका खेळायची आणि त्या दोन वर्षांत तिचं गणित सुधारलं होतं, एवढं आठवतं.

७ जुलै, रविवार, पेण

घरी सगळीकडे शाडूची माती. ह्यांच्या कारखान्यात गणपतीचं काम जोरात आहे, सासूबाईसुद्धा रंगांच्या डब्यांत बसलेल्या. भाविका नववीत गेल्यापासून माझ्याशी एका शब्दात बोलते. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "झाला." बदलीनंतर तर तेही कमी. पट काढला तेव्हा वाटलं, कंटाळून उठून जाईल. ती मात्र समोर मांडी घालून बसली आणि दोन तास शिकवत राहिली.

मी घाईनं सोंगटी उचलली की म्हणायची, "आई, हात मांडीखाली. आधी बघ, मग हात काढ." आणि प्रत्येक खेळीला विचारायची, "का?" मी म्हटलं, असंच. म्हणाली, असंच चालत नाही, कारण सांग.

एकच डाव झाला. साडेपाचची गाडी पकडली.

११ जुलै, गुरुवार

शेवटच्या तासाला चौथी-पाचवीची बारा मुलं बसवली. पटाच्या एका कडेला मार्करनं अ ब क ड इ फ ग ह लिहिलं, दुसऱ्या कडेला एक ते आठ. नियम दोन, भाविकाचेच. हात मांडीखाली, आणि खेळी केली की कारण सांगायचं. प्रत्येकानं आपली खेळी वहीत लिहायची, घोडा क ३, प्यादं इ ४, अशी.

जानीसमोर सुरभीला बसवलं. सुरभी खांबच्या शेतकरी घरातली, चुणचुणीत, पण हरली की डोळे भरून येतात आणि मग दुसऱ्या दिवशी खेळायला बसत नाही. दोघी मधल्या सुट्टीत कायम एकत्र असतात. जानीला अक्षरं येत नाहीत म्हणून ती पटाच्या कडेला बघून 'क' चितारत होती, जसं चित्र काढावं तसं. तेवढ्यात सुरभीनं डाव जिंकला.

२४ जुलै, बुधवार

जानी पुन्हा हरली. आज मी मुद्दाम जवळ बसले. सुरभीचा राजा स्वतःच्याच तीन प्याद्यांमागे अडकलेला. जानीचा हत्ती सरळ शेवटच्या ओळीत गेला असता तर मात होती, मलासुद्धा दिसलं. जानीनं हत्तीवर बोट ठेवलं, सुरभीकडे पाहिलं आणि बोट उचलून कडेचं प्यादं एक घर पुढे केलं. कारण विचारलं तर मान खाली.

निरीक्षण वहीत लिहिलं: जानी, एकाग्रता कमी, संधी ओळखता येत नाही.

एक मात्र आहे. अ पासून ह पर्यंत आठही अक्षरं ती आता न बघता लिहिते.

२८ जुलै, रविवार, पेण

भाविकाशी एकच डाव, तोही पुरा झाला नाही. ती प्रत्येक खेळीला दहा-दहा मिनिटं लावते. मी म्हटलं, अगं मला गाडी आहे. म्हणाली, "घाईत खेळलं तर चुका होतात, तूच मुलांना सांगतेस ना?" खरंच आहे. साडेपाचची चुकली, सातच्या गाडीनं आले. स्टँडपर्यंत ती सोबत आली होती, पिशवी धरून.

६ ऑगस्ट, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

परिसर अभ्यासाच्या तासाला रायगडचा नकाशा काढला. भिंतीवरच्या जुन्या नकाशावर खडूनं उभ्या-आडव्या रेघा मारल्या, कडेला अक्षरं आणि आकडे, पटासारखेच. एकानं घर सांगायचं, दुसऱ्यानं त्या घरातलं गाव वाचायचं. पाचवीतल्या साईराजनं रोहा काढलं, सुरभीनं पेण. मग मी "ड २" म्हटलं आणि जानीकडे पाहिलं. ती उठून गेली आणि अगदी बरोबर घरावर बोट ठेवलं. मला तेवढंच अपेक्षित होतं. पण ती तिथून हलली नाही. ओठ हलताना दिसले.

"व. ड. ख. ळ." मग एकदम, "वडखळ."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तिथं आमची भट्टी हाय. दिवाळी झाली का आमी तिथं जातो."

काना नाही, मात्रा नाही, चार सुटी अक्षरं. त्यातली व, ख, ळ पटावर नव्हती, ती तिनं कुठून उचलली कोण जाणे. तिचा आवाज मी आज पहिल्यांदा नीट ऐकला. आणि विटांच्या कामावर जाणारं कुटुंब म्हणजे पोर सहा महिने शाळेबाहेर, हेही आजच कळलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

केंद्रप्रमुख येऊन गेले. शेवटच्या तासाला मुलं पटावर वाकलेली, त्यांनी महिपती सरांना बाहेर बोलावलं. वाचनात आपली शाळा केंद्रात शेवटून दुसरी आहे, असं म्हणाले म्हणे. मुलं खेळतायत आणि मॅडम बघतायत.

ते गेल्यावर सरांनी संच गोळा करून कपाटात ठेवले. चावी लावताना माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना निवृत्तीला दीड वर्ष आहे. म्हणाले, "मला पटतं मॅडम, पण कागदावर काय दाखवू?" बुद्धिबळानं गणित येतं हे मी तरी कुठल्या आधारावर म्हणते? भाविकाचं सुधारलं होतं, एवढ्यावर? त्या दोन वर्षांत मी रोज तिच्या शेजारी बसत होते, त्यानंही सुधारलं असेल.

२० ऑगस्ट, मंगळवार

संच कपाटातच. गणिताच्या तासाला फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिलं. नेहमी सगळे एकदम ओरडतात, वजाबाकी का गुणाकार? आज शांतता. मागे वळून पाहिलं तर सुरभीचे दोन्ही हात मांडीखाली. तिच्या शेजारच्या दोघांचेही. जानीचेही. उदाहरण वाचून होईपर्यंत कुणी पेन्सिल उचलली नाही.

मी हळूच जाऊन सरांना बोलावलं. ते दारात उभे राहिले, बराच वेळ. मग ऑफिसात गेले आणि चावी आणून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, सहामाही परीक्षेपर्यंत. पुढचं पुढे.

२५ ऑगस्ट, रविवार, पेण

मुलांच्या खेळींच्या वह्या तपासायला घरी आणल्या होत्या. भाविकानं जानीची आणि सुरभीची वही घेतली आणि पटावर एकेक डाव मांडत बसली. मी स्वयंपाकघरात होते, तिनं हाक मारली.

"आई, ही हरत नाहीये. ही सोडतेय."

मला कळेना. तिनं दाखवलं. पाच डावांत पाच वेळा, मात एका खेळीवर असताना नेमकं कडेचं प्यादं. नाहीतर बाकी सगळा डाव जानीचाच. म्हणाली, चुकणारा माणूस दर वेळी तीच चूक नाही करत.

"पण कशाला सोडेल?"

"समोरची उठून जाऊ नये म्हणून." एवढं बोलून ती पुन्हा सोंगट्या लावायला लागली.

मी दीड महिना त्या पोरीला कच्ची म्हणून लिहीत होते. भाविकानं एका दुपारी ओळखलं. कमाल वाटते या मुलीची. एवढी समज आहे, मग माझ्याशी खेळतानाच इतका वेळ का लावते कुणास ठाऊक. आजही साडेपाचची चुकली. सातच्या गाडीला गर्दी होती.

२८ ऑगस्ट, बुधवार

जानीला मधल्या सुट्टीत वडाखाली घेऊन बसले. मुद्दाम हरतेस का, विचारलं. ती मातीत काडीनं रेघा मारत राहिली. मी वाट पाहिली. हल्ली मलाही थांबता येतं.

"ती रडली का उद्या येत नाय," ती म्हणाली. "मग मी कुणाबरोबर खेळू?"

मी काय सांगणार होते? खोटं खेळू नकोस? माझी दहा वर्षांची विद्यार्थिनी मैत्रिणीला सांभाळण्यासाठी डावामागून डाव हरली होती, आणि मी शेरा मारला होता एकाग्रता कमी. तो शेरा खोडला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गणपती झाले. ह्यांच्या कारखान्यातला शेवटचा गणपती बाहेर पडेपर्यंत पेणलाच होते, म्हणून बरेच दिवस लिहिलं नाही.

वर्गात नवा नियम केला आहे. डाव संपला की उठायचं नाही. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याबरोबर डाव उलटा मांडत मागे जायचं आणि कुठं वाट चुकली ते दोघांनी मिळून शोधायचं. सापडलं की तिथून पुन्हा खेळायचं. पहिल्या दिवशी जानीनं हत्ती शेवटच्या ओळीत नेला आणि सुरभीचे डोळे भरले. पण उठायचं नाही हा नियम. जानी एकेक सोंगटी मागे घेत गेली आणि म्हणाली, "हितं बघ. तुझं प्यादं एक घर पुढं असतं तर तुझ्या राजाला खिडकी होती." सुरभीनं नाक पुसलं, प्यादं पुढे केलं आणि तिथून खेळली. तरी हरली. पण दुसऱ्या दिवशी आली.

हे आता गणितातही आलं आहे. पूर्वी चूक दाखवली की मुलं सगळं खोडून कोरा कागद पुढे करायची. आता भागाकार चुकला तर एकेक पायरी मागे जातात. सुरभी स्वतःच्या वहीला म्हणत होती, "हितं हातचा राहिला."

जानी जोडाक्षरांना अडखळते, पण वाचते. स्वतःचे डाव वाचायचे म्हणून तिनं वाचायला घेतलं, आता बाराखडीचा तक्ता वाचते, पोषण आहाराच्या पोत्यावरचं वाचते, महिपती सरांच्या टेबलावरचं परिपत्रकसुद्धा वाचत होती. सर म्हणाले, मला तरी समजावून सांग त्यात काय म्हटलंय.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सहामाहीचा गणिताचा निकाल. खरं ते लिहिते. बारा मुलांपैकी सात जणांचे गुण बरेच वाढले. तिघांचे थोडे. साईराज सगळ्यांत छान खेळतो, त्याचे दहाचे दहाच. आणखी एकाचा एक गुण कमी झाला. सुरभी बारावरून सतरा.

जानी तीनवरून नऊ. मला पंधराची आशा होती, वाईट वाटलं. पेपर पुन्हा पाहिला. तिनं एकही प्रश्न सोडला नव्हता. गुणाकाराचे पाढे कच्चे म्हणून उत्तरं चुकली, पण प्रत्येक उदाहरणाखाली एक ओळ लिहिलेली, इथं वजाबाकी कारण माणसं उतरली. इथं गुणाकार कारण सगळ्या पिशव्या सारख्या. त्या ओळींना गुण नव्हते.

महिपती सरांनी केंद्रप्रमुखांना पाठवायला तोच पेपर निवडला. नऊ गुणांचा. मी म्हटलं, सुरभीचा पाठवा. म्हणाले, नाही मॅडम, हा. उत्तर आलं नाही, पण तास बंद करा असंही कुणी म्हटलं नाही. चावी माझ्याकडेच आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी संपून शाळा भरली, जानी नाही. दुपारी वाडीवर गेले. दाराला बाहेरून काठी लावलेली. शेजारीण म्हणाली, जानीचा बाप चंदर बायको-पोरींना घेऊन परवाच भट्टीवर गेला. शिक्षण हमी कार्ड मी दिवाळीआधीच तयार करून ठेवलं होतं, ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत घेतात. माझ्या पर्समध्येच राहिलं. सुट्टीच्या गडबडीत द्यायचं विसरले. दुसऱ्या कुणाची चूक नाही ही.

सुरभी शेवटच्या तासाला एकटीच पट मांडून बसली होती. दोन्ही बाजूंनी खेळत होती.

२४ नोव्हेंबर, रविवार, पेण

भाविका म्हणाली, मी पण येते. वडखळच्या अलीकडे रिक्षातून उतरलो आणि विचारत विचारत भट्टी गाठली. चंदर आणि त्याची बायको मैना माती मळत होते. जानी झोपडीपुढे, कडेवर दीड वर्षांची बहीण. मला पाहून हसली नाही, पण उभी राहिली, वर्गात राहते तशी.

मी मैनाला कार्ड दिलं, शाळा इथून दहा मिनिटांवर आहे, सगळं फुकट आहे, पोर हुशार आहे, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "बाई, मी मातीत, ह्ये मातीत. जानी शाळेत गेली तर बारकीला कोण बघंल?"

तिचं खोटं नव्हतं. मी भाविकाकडे बघितलं, ती जानीकडे बघत होती. तेवढ्यात जानी बोलायला लागली. आईशी, पण इतकं सावकाश की मलाही एकेक शब्द ऐकू यावा.

"आये, मी घरी राहिले तर बारकी सांभाळीन, पण माझं वर्ष जाईल. तू घरी राहिलीस तर बा एकटा पडंल. शाळेच्या बाजूला अंगणवाडी हाय, मी परवा बघून आले. बारकीला तिथं ठेवीन, तिथं खायला पण देतात. सुट्टी झाली का मी बघून येईन. दुपारी दोघी परत येऊ."

चंदरनं फावडं थांबवलं होतं. मैना पोरीकडे बघत राहिली, जणू ही कुणाची पोर आहे ते ओळखत होती.

"आणि रडली तर?"

"रडंल," जानी म्हणाली. "दोन दिवस रडंल. मग नाय रडणार."

मैनानं हात पदराला पुसले, कार्ड घेतलं आणि म्हणाली, "उद्या नेऊन बघ."

निघताना भाविकानं पिशवीतून आमच्या घरचा पट काढून जानीला दिला आणि सांगितलं की ती दर शनिवारी येईल, शाळा सुटल्यावर. मी रिक्षात म्हटलं, नववीचं वर्ष आहे, जमेल का तुला? ती बाहेर बघत म्हणाली, "आपलं माणूस दूर राहिलं की आठवड्यातनं एकदा तरी कुणी यावं लागतं, आई."

किती कळतं या पोरीला जानीच्या मनातलं. मी तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला नाही. संध्याकाळी पट नव्हता, तरी साडेपाच वाजले तेव्हा मला उठावंसं वाटलं नाही. आज इथंच राहते. सोमवारी पहाटेची गाडी मिळते, विचारून घेतलं. पुढच्या रविवारीही तसंच करायला काय हरकत आहे? हे ऐकून भाविकानं आत जाऊन चहा ठेवला. न सांगता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भट्टीजवळच्या शाळेतल्या रंभाबाईंचा फोन आला होता. जानी रोज येते, बारकी अंगणवाडीत रमली आहे, हे भाविकाकडून कळतंच. पण आज त्यांना दुसरंच सांगायचं होतं.

त्यांनी गणिताची चाचणी घेतली. एका बागेत ६० झाडं, त्यांतली ३५ नारळाची, ३० सुपारीची, बाकीची आंब्याची, तर आंब्याची किती? वर्गात कुणी एकशे पंचवीस लिहिलं, कुणी पाच. जानीच्या कागदावर उत्तराच्या जागी आकडाच नव्हता, म्हणून रंभाबाईंनी चूक दिली आणि पुढचा पेपर घेतला. घरी जाऊन पोळ्या लाटताना त्यांना तिथं काहीतरी लिहिलेलं होतं असं आठवलं, म्हणून पीठ लागल्या हातानं गठ्ठा सोडला. मला फोनवर वाचून दाखवलं.

"हे गणित चुकलं हाय. कारण नारळ आणि सुपारी मिळूनच ६५ होतात. बाग ६० ची हाय. आंब्याला जागाच नाय."

रंभाबाई म्हणाल्या, वीसच्या जागी तीस माझ्याच हातून पडलं होतं, आणि मी स्वतः तपासतानासुद्धा पाहिलं नाही. मुलीला पूर्ण गुण दिले. मग त्यांनी विचारलं, दोनदा 'हाय' लिहिलंय आणि शेवटी 'नाय', ते लाल पेननं दुरुस्त करून देऊ का?

मी म्हटलं, आज राहू दे.